दोनशे अकरा पायऱ्या

डेपोतले लोक त्यांना सर्वज्ञ म्हणत. तोंडावर आदराने आणि पाठीमागे हसून म्हणत, पण शब्द दोन्हीकडे तोच असल्यामुळे त्यांनी त्यातला आदर तेवढा उचलला आणि हसू डेपोतच राहू दिलं.

एकतीस वर्षं सर्वज्ञांनी एकच बस चालवली. गावातल्या स्टँडवरून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवून धक्क्यापर्यंत जायचं, तिथे पलीकडच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या लाँचची वाट बघायची, मग चढ चढून दीपगृहापाशी गाडी वळवायची आणि आल्या वाटेने परत. सुट्ट्या लागल्या की ही बस पर्यटकांनी फुगायची. टोप्या, चटया, हवा भरलेली रबरी चाकं, एकदा तर एक गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन चढले आणि जागा नाही म्हणून गाडीतच ती उघडून बसले. ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी गाडीत होती. तिचा उपयोग एवढाच, की चालकाशी बोलायला नेमकं कुठे उभं राहायचं ते लोकांना कळे.

“काका, किनारा चांगला कुठला?”

“सुरूच्या बनामागचा. वाळू निळसर आहे. चाललात की पायाखाली शिट्टी वाजते.”

“आणि दीपगृह बघण्यासारखं आहे का हो?”

“दोनशे अकरा पायऱ्या आहेत. वर गेलात की खाली यावंसं वाटणार नाही.”

“पाय दुखतात म्हणून?”

“दोन्ही कारणांनी.”

‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द सर्वज्ञांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नाहीत. पर्यटक खूश होऊन उतरत, घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगत, पुढच्या वर्षी शेजारी येत आणि पाटीखाली उभे राहून तेच प्रश्न विचारत.

आता एक गोष्ट हळूच सांगायला हवी. सर्वज्ञ एकतीस वर्षांत दीपगृहावर एकदाही चढले नव्हते. सुरूच्या बनामागची वाळूही त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी सुरू पाहिले होते.

यात त्यांचा दोष नव्हता. बनापाशी गाडी थांबे अर्धा मिनिट. दीपगृहापाशी थांबे अकरा मिनिटं, पण फाटक तिथून दहा मिनिटांच्या चढावर. शिवाय थांब्याचा रस्ता सरळ समुद्राकडे उतरलेला आणि जुन्या गाडीचा हँडब्रेक ज्याच्या त्याच्या नशिबावर. म्हणून डेपोने काचेच्या वरच तांबड्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : ‘दीपगृह थांब्यावर चालकाने जागा सोडू नये.’ सर्वज्ञांनी सोडली नाही. ब्रेकवर पाय ठेवून ते रोज चार वेळा अकरा अकरा मिनिटं दीपगृहाकडे बघत बसले, आणि पुढच्या काचेतून त्यांना त्याचा खालचा तिसरा हिस्सा तेवढा दिसला. सुट्टीच्या दिवशी यावं, तर हंगामात ड्रायव्हरला सुट्टी नाही आणि हंगाम संपला की दीपगृहाला कुलूप.

मग दोनशे अकरा आले कुठून?

ते आले घरातून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि सर्वज्ञांच्या आईने अंथरूण धरलं. ते तिने नऊ वर्षं सोडलं नाही. बायको समुद्र नसलेल्या मुलखातून आलेली, मोठ्या हौसेने किनाऱ्यावर नांदायला आली आणि वाण्याच्या दुकानापलीकडे तिला जाता येईना. संध्याकाळी सर्वज्ञ हातपाय धुऊन बसले की ती सासूची कूस बदलता बदलता आतून विचारायची, “आज काय पाहिलंत?”

सर्वज्ञांनी काय पाहिलेलं असायचं? पुढच्या ट्रकची मागची बाजू. पहिले दोन दिवस त्यांनी ती सांगितली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “एक बकरी आडवी आली.” त्यावर आतून नुसतं “बरं” आलं. ते ‘बरं’ सर्वज्ञांना रात्रभर टोचलं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “आज दीपगृहावर जाऊन आलो.”

बायको हातातलं फडकं तसंच घेऊन बाहेर आली. “खरंच? किती उंच आहे हो?”

खुंटीवर खाकी शर्ट लटकत होता, खिशावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर २११.

“दोनशे अकरा पायऱ्या,” सर्वज्ञ म्हणाले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी निघू लागलं. निळसर वाळू निघाली, शिट्टी निघाली, वरून दिसणारी सात बेटं निघाली. बायको ऐकायची, दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगायची, आणि एकदा घरात सांगितलेलं गाडीत वेगळं सांगता येईना म्हणून पर्यटकांनाही तेच मिळू लागलं. आई गेली, मुलं झाली, मोठी होऊन परगावी गेली, जायचं मात्र राहूनच गेलं. झाकली मूठ चांगली सव्वा लाखाची राहिली आणि सर्वज्ञ तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माणसाला साडू असतो.

सर्वज्ञांचे साडू, म्हणजे मेहुणीचे यजमान, जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. नात्यागोत्यात त्यांना मोजणीसाहेब म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताच्या हद्दी मोजल्यामुळे त्यांना न मोजलेली वस्तू बघवत नसे. चार दिवसांच्या सुट्टीवर ते बायकोला घेऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, “फाटकापासून दारापर्यंत सव्वीस पावलं. मागच्या खेपेला चोवीस होती.”

“फाटक हललं नसेल, पाऊल आखडलं असेल,” सर्वज्ञांची बायको म्हणाली.

जेवणं झाल्यावर तिने बहिणीला दीपगृह सांगायला घेतलं. इतकं हुबेहूब, की सर्वज्ञांना स्वतःलाच चढल्याचा दम लागला. मोजणीसाहेबांनी खिशातली वही काढली.

“दोनशे अकरा. पायरी सात इंचाची धरली तर सव्वाशे फुटांच्या आसपास. एवढं उंच वाटत नाही हो ते चित्रात. बघितलं पाहिजे.”

“उद्याच जाऊ,” बायको म्हणाली.

सर्वज्ञांच्या तोंडचं पाणी पळालं. “उद्या ढग आहेत.”

“मग परवा.”

“परवा भरती मोठी आहे.”

“अहो, दीपगृह काय पाण्यात तरंगतंय?” बायको म्हणाली. “एकतीस वर्षं तुम्ही एकट्यानेच बघितलं. आता मला दाखवा.”

‘एकट्यानेच’ हा शब्द तिने हसतच म्हटला. पण सर्वज्ञांना त्याची कड लागली. साडूसमोर फजिती झाली असती तर त्यांनी ती पचवली असती, साडू असतातच त्यासाठी. पण एकतीस वर्षं आपल्या शब्दावर विसंबून गावभर जग सांगत फिरलेली ही बाई उद्या पायऱ्या मोजून वर पोचेल आणि आपल्याकडे वळून बघेल, तेव्हा काय? 

सकाळी चौघं स्टँडवर गेले. नवा ड्रायव्हर चाळिशी ओलांडलेला, पण सर्वज्ञांपुढे अजून शिकाऊच. सर्वज्ञांना चढताना बघून त्याने पाठ ताठ केली आणि गिअर चुकवला.

“काका, पुढे बसा की.”

“नको, आज मी प्रवासी आहे,” असं म्हणून सर्वज्ञ तिसऱ्या बाकावर बसले आणि पहिल्याच वळणाला त्यांनी उजवा पाय दाबला. दुसऱ्या वळणाला दाबला. तिसऱ्याला तर इतका, की बायको म्हणाली, “अहो, पाय आवरा. पुढच्या बाईंची पिशवी बाकाखाली आहे, ती दाबताय. त्यांना वाटेल त्यात ब्रेक आहे.”

बनापाशी उतरले. पुढची बस तासाने होती. सुरूंच्या मधून पलीकडे गेल्यावर सर्वज्ञांनी आयुष्यात पहिल्यांदा ती वाळू पाहिली. वाळूच्या रंगाची होती.

“निळसर?” मोजणीसाहेबांनी विचारलं.

“ऊन डोक्यावर आलं की.”

मोजणीसाहेब पाण्याच्या कडेने चाळीस पावलं गेले, चाळीस आले. “वाजत नाही.”

“ओली आहे.”

ते वर कोरड्या वाळूत गेले आणि तिथे एखादा घोडा अंग झाडतो तसे पाय आपटून आले. “इथेही वाजत नाही.”

“फार कोरडी आहे.”

“म्हणजे भाऊजी,” मेहुणी म्हणाली, “वाजायला ती दमट लागते. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांसारखी.”

ती हसली, मोजणीसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बायको मात्र चपला हातात घेऊन एकटीच लांबवर चालत गेली होती. ती आपल्या पायांकडे बघत चालली होती. परत येऊन तिने चपलांतली वाळू झटकली आणि त्या पायात घातल्या. सर्वज्ञांनी तिच्या चेहऱ्यावर ते जुनं ‘बरं’ शोधलं. दिसलं नाही, पण उन्हात डोळे बारीक केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय काय दडतं ते कुणाला कळलंय?

स्टँडपर्यंत जाऊन परत फिरलेली तीच बस तासाने आली, चौघं चढले आणि ती धक्क्यावर जाऊन थांबली. लाँच अजून पाण्यातच होती. मोजणीसाहेबांनी घड्याळ दाखवलं. “वेळापत्रकात चार मिनिटं थांबा आहे. सहा झाली.”

“वेळापत्रक डेपोत छापतात, लाँच समुद्रातून येते,” सर्वज्ञ म्हणाले. इथे मात्र त्यांचा आवाज खणखणीत होता. “लाँचने दोनदा भोंगा दिला तर तिच्यात आपल्या बसचे प्रवासी आहेत, थांबायचं. एकदा दिला तर नाहीत, निघायचं. हे कुठे लिहिलेलं नाही.”

पाण्यावरून भोंगा वाजला. एकदाच. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

“थांब,” सर्वज्ञ बाकावरून म्हणाले.

“काका, एकच वाजला.”

“वाजला कसा ते ऐकलंस का? शेवटाला दम गेला त्याचा. हवा कमी पडलीय, भरतोय बिचारा. दुसरा येईल.”

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळी बस कान देऊन बसली. मोजणीसाहेब सेकंद मोजू लागले. तेवीसवर आले आणि पाण्यावरून दुसरा भोंगा आला, आजारी म्हशीसारखा. लाँच लागली. मुलगा, सून आणि मुलाच्या दंडाला धरून काठी टेकत येणाऱ्या एक आजीबाई बसमध्ये चढल्या.

“थांबलात हो आमच्यासाठी,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

“मी नाही, काकांनी थांबवली,” ड्रायव्हरने मागे बोट केलं.

बायकोने सर्वज्ञांकडे पाहिलं. ‘हे मात्र तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत,’ असं काहीसं तिच्या नजरेत होतं. खरं होतं. सर्वज्ञांना वाटे, भोंग्यात काय सांगायचंय?

दीपगृहाच्या थांब्यावर आजीबाई झाडाखालच्या बाकावरच बसल्या. “तुम्ही जाऊन या रे, मी इथे राखण करते,” म्हणाल्या. कसली राखण ते त्यांनी सांगितलं नाही. मुलगा-सून भराभर पुढे गेली. मागून हे चौघं चढ चढून फाटकाशी आले, आणि सर्वज्ञ जागच्या जागी थिजले. फाटकावर पांढऱ्या पाटीवर निळ्या रंगात लिहिलं होतं :

‘पायऱ्या : २११.’

सर्वज्ञांनी पाटी तीनदा वाचली. अंगावर काटा आला. म्हणजे आपण सहज बोललो आणि ते खरंच निघालं? त्यांना वाटलं, आपल्यात काहीतरी असणार. उगाच नाही डेपोने सर्वज्ञ नाव ठेवलं. त्यांनी साडूकडे असं बघितलं, की साडूनेच चष्मा पुसला.

“सरकारी पाटी आहे,” सर्वज्ञ म्हणाले. “आता मोजायचं कशाला?”

“पाटी मी वाचली,” मोजणीसाहेब म्हणाले. “पायऱ्या अजून मोजलेल्या नाहीत.”

आणि ते मोठ्याने मोजत चढू लागले. आत थंड, गोल, अरुंद जिना होता. मोजणीसाहेब पुढे, मागे मेहुणी, मग बायको एक हात भिंतीला लावून, शेवटी सर्वज्ञ. शंभरापर्यंत ते बिनघोर होते. एकशे चाळीसला वरून उजेड दिसू लागला आणि त्यांना जरा कसंसंच झालं. एकशे साठला वाऱ्याचा आवाज आला. ‘आता सपाट होऊ नको रे बाबा,’ ते जिन्याला मनातल्या मनात म्हणाले.

“एकशे अडुसष्ट!” वरून आवाज आला. “संपल्या!”

वरच्या गोल सज्जात रखवालदार फडक्याने काच पुसत होता. मोजणीसाहेब वही उघडून उभे. “एकशे अडुसष्ट. अठ्ठ्याण्णव फूट. तुमची पाटी चूक आहे.”

“कागदावर एकशे अडुसष्टच आहेत हो,” रखवालदार फडकं न थांबवता म्हणाला. “आधी पाटीवरही तेच होतं. पण येणारा प्रत्येक माणूस भांडायचा. म्हणे, बसचा ड्रायव्हर दोनशे अकरा सांगतो. मी म्हटलं, तो माणूस रोज चार वेळा इथे येतो, त्याला माहीत असणार. आपण एकदा मोजल्या असतील, चुकलो असू. दिली पाटी रंगवून.”

“कोण ड्रायव्हर?” मोजणीसाहेबांनी विचारलं. आवाजात नुसती साखर.

“बघितला नाही कधी. वर आला नाही तो.”

असं म्हणून रखवालदार दुसरी काच पुसायला पलीकडे गेला. काही माणसं घर पाडून जातात आणि त्यांना विटेचा आवाजही ऐकू येत नाही.

मेहुणीला भाऊजींची दया आली. तिने नवऱ्याचा दंड धरला, “चला, पलीकडून बेटं मोजू,” म्हणून त्याला ओढून नेलं. सज्जाच्या या बाजूला सर्वज्ञ आणि त्यांची बायको दोघंच राहिली. खाली समुद्राकाठच्या रस्त्याने बस हळूहळू परत चालली होती, काडेपेटीएवढी. ती इतकी लहान दिसते हे सर्वज्ञांना कधी वाटलं नव्हतं.

“अगं,” ते म्हणाले. 

“एकशे अडुसष्ट,” बायको म्हणाली. “मीही मोजत होते.”

“ते दोनशे अकरा म्हणजे...”

“तुमच्या बिल्ल्याचा नंबर.”

सर्वज्ञांचा हात नकळत खिशावर, बिल्ल्याच्या जागी गेला.

“शर्ट धुवायला टाकताना तो बिल्ला कोण काढत होतं? मीच ना? पहिल्याच आठवड्यात कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर दुसऱ्या दिवशी काय सांगितलं असतंत? बकरी?”

वाऱ्याने तिचा पदर फडफडला, तिने तो आवळून धरला. सर्वज्ञांनी मनाशी ठरवलं की निम्मं गेलंच आहे, उरलेलंही जाऊ दे.

“नंबरच नाही,” ते म्हणाले. “मी वर आलोच नव्हतो कधी. वाळूतही गेलो नव्हतो. ब्रेकवरचा पाय काढून गाडी सोडता यायची नाही.”

 हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिने खाली बघितलं, बसकडे, मग थांब्यापासून फाटकापर्यंतच्या चढाकडे. सर्वज्ञांना ते बघणं डेपोतल्या कुठल्याही चौकशीपेक्षा लांब वाटलं.

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

“म्हणजे आज तुम्हीही पहिल्यांदाच?”

“हो.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली. हे ‘बरं’ वेगळंच होतं. “एकतीस वर्षं मला वाटत होतं, मी आत सासूबाईंची कूस बदलत होते तेव्हा तुम्ही इथे वारा खात उभे होतात. तुमचं सांगणं गोड लागायचं, पण आत कुठेतरी जरा खुपायचंच. तुमच्यावर राग धरणंही बरं दिसेना. आणि तुम्ही खाली ब्रेकवर पाय ठेवून बसलेले!” तिला हसू फुटलं. “अहो, मग एवढी बेटं तरी कुठून आणलीत?”

“किती दिसतायत?”

तिने मोजली. “तीन. आणि तो खडक धरला तर साडेतीन.”

दोघं कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिली. समुद्र त्यांनी कधी कुणाला सांगितला होता त्याहून खूपच मोठा होता आणि त्यावर काही म्हणजे काही घडत नव्हतं. सर्वज्ञांना तेही फार आवडलं.

खाली उतरून सगळे थांब्यावर आले आणि तीच बस पुन्हा फेरी करून आली तेव्हा तिच्यात बसले. मोजणीसाहेब सर्वज्ञांच्या शेजारी, वही मांडीवर, चेहऱ्यावर विजय. आधी घरी, मग गावी, मग उरलेल्या सगळ्या नातेवाइकांत हा विजय कसा कसा वाटायचा त्याचा ते हिशेब करत असावेत. समोरच्या बाकावर आजीबाई होत्या. त्या मागे वळल्या.

“किती होत्या हो पायऱ्या?”

मोजणीसाहेबांनी तोंड उघडलं. पण सर्वज्ञांच्या बायकोने त्यांच्याआधी सांगितलं, “दोनशे अकरा.”

“बाई गं!” आजीबाईंनी काठी छातीशी धरली. “दोनशे अकरा! बरं झालं मी खालीच बसले. माझी सून म्हणत होती, चढला असतात तुम्ही.” सुनेकडे त्यांनी जिंकल्यासारखं पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“अहो, पण...” मोजणीसाहेब म्हणाले.

“वही मिटा,” मेहुणी म्हणाली.

त्यांनी वही मिटली. बस उतारावरून धक्क्याकडे निघाली. वळण आलं तेव्हा सर्वज्ञांचा पाय जागचा हलला नाही.

“आणि वरून दिसतं काय?” आजीबाईंनी सर्वज्ञांनाच विचारलं. “तुम्ही जुने ड्रायव्हर ना? तुम्हाला सगळं माहीत असेल.”

पाटीखाली कुणी उभं नव्हतं, तरी प्रश्न तोच होता. सर्वज्ञांच्या जिभेवर सात बेटं आली होती. ती त्यांनी गिळली आणि बायकोकडे बोट केलं.

“यांना विचारा. आज मी ऐकणार आहे.”

बायकोने पदर सावरला आणि पुढे सरकून बसली. “आधी बस दिसते,” ती म्हणाली, “एवढीशी, काडेपेटीएवढी.”